हळद अंगणात असताना: हवामान खात्याच्या अंदाजाचा आमचा अनुभव

आमची पाच एकर हळद आहे, हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात. काढणी उशिरा उरकते, त्यामुळे शिजवलेली शेवटची हळद मे उजाडला तरी ताडपत्रीवरच असते. तिला बारा-पंधरा दिवस कडक ऊन हवं. मध्येच वळवाची एक सर पडली तरी हळकुंडाचा रंग उतरतो आणि मोंढ्यात भाव पडतो. म्हणून भारतीय हवामान विभागाचा अंदाज मी रोज वाचते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे.

देशभराचं पत्रक दिवसातून चार वेळा निघतं. त्यात मी आधी कमी दाबाचा पट्टा कुठून कुठे गेलाय ते बघते. विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाकडे पट्टा दाखवला असेल, की मी सावध होते. समुद्रावरचा ओलावा आत येतो, खाली जमीन तापलेली असते आणि दुपारनंतर ढग उभे राहतात. मग आमच्या मराठवाडा विभागापुढे काय लिहिलंय ते वाचायचं. देशाचे असे ३६ विभाग आहेत.

खरी गोम आहे ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांत. मी कितीतरी दिवस त्याचा अर्थ ‘पाऊस नावालाच’ असा घेत होते. पण ते शब्द पाऊस किती ठिकाणी होईल हे सांगतात, किती जोराचा होईल हे नाही. तुरळक म्हणजे विभागातल्या पावसाच्या नोंदी घेणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चौथा हिस्सा. त्या हिश्शात आपलं शिवार आलं, तर आपल्यापुरता तो धो-धोच.

हे मला बारा क्विंटल हळद भिजल्यावर कळलं. व्हिडिओवर अंदाज सांगणाऱ्या एकाने ‘आठवडाभर कोरडं’ म्हणून ठणकावलं होतं, आम्ही निर्धास्त राहिलो. रात्री हवामान खात्याचं सकाळचं पत्रक उघडून बघितलं. पिवळा इशारा (म्हणजे ‘लक्ष ठेवा’), तुरळक ठिकाणी मेघगर्जना, ताशी ४० ते ५० किलोमीटर वारा. सगळं लिहिलेलं होतं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तेव्हापासून पिवळ्या रंगालाही मी हलक्यात घेत नाही. मेमध्ये पिवळा वरचेवर येतो, म्हणून लोक बघायचं सोडून देतात. रंगाखाली कारण लिहिलेलं असतं, ते वाचावं. पिवळा उष्णतेचा असेल तर हळदीचं काही बिघडत नाही, बायांचं बिघडतं. मैदानी भागात पारा किमान ४० वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त गेला, किंवा सरळ ४५ ला टेकला, की उष्णतेची लाट धरतात. असा इशारा असला की आम्ही हळद शिजवायचा कुकर पहाटे चारला पेटवतो आणि अकराच्या आत सगळ्यांना सावलीत बसवतो.

पाच दिवसांच्या अंदाजावर हळद कधी शिजवायची ते ठरतं. ताडपत्री कधी ओढायची हे त्यातून कळत नाही. त्यासाठी जिल्ह्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज आहे. मागच्या वैशाखात भाऊजींनी दीड वाजता तो बघून हाक मारली, “वहिनी, आवरा, हिंगोली आलीय त्यात.” आभाळ तेव्हा निरभ्र होतं, सव्वातीनला पाऊस आला. हळद झाकलेली होती.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये घालून दिलंय. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत वीज कुठे पडली ते दिसतं. ४० च्या वर्तुळात खुणा दिसल्या की कामं थांबवायची, झाडाखाली कुणी थांबायचं नाही, हा घरचा नियम आहे. मजुरी पूर्ण दिवसाची देतो, नाहीतर बाया उठत नाहीत.

अर्धा तारा कापला तो एवढ्यासाठीच, की ‘तुरळक’चा अर्थ पत्रकातच सोप्या मराठीत, ठळक छापलेला हवा. २०२५ च्या मेपासून अंदाज काढायचं नवं ‘भारत’ संगणकी मॉडेल आलंय, ते ६ किलोमीटरच्या एकेका चौकटीचा हिशेब करतं, आधी ती चौकट १२ ची होती. माझी आशा त्यावर आहे, कारण आमच्याकडे पाऊस बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही.

आज मंगळवार. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो बघितल्याशिवाय उरलेली हळद शिजवायची नाही, असं भाऊजींचं आणि माझं ठरलंय.