पीपीएफ आणि निफ्टी इंडेक्स फंड: वर्षभराहून जास्त वापरल्यानंतर

जून २०२४पासून आम्ही नवरा-बायको घरातली लांबची बचत फक्त दोन ठिकाणी टाकतोय. दरमहा ४,००० रुपये माझ्या पीपीएफमध्ये, म्हणजे पब्लिक प्रॉव्हिडंट फंड या सरकारी बचत योजनेत, आणि ५,००० रुपये निफ्टी ५० या शेअर निर्देशांकावर चालणाऱ्या इंडेक्स फंडाच्या एसआयपीत, म्हणजे दरमहाच्या ठरलेल्या हप्त्यात. त्याआधी चार मराठी घरांत असतं तेच आमच्याकडे होतं: पतसंस्थेतलं रिकरिंग, ऑफिसातली भिशी, एक मनी बॅक पॉलिसी, थोडं सोनं आणि उरेल ते बचत खात्यात. वर्षभराहून जास्त वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय. फंड कुठला घ्यायचा याचा लोक महिनोन् महिने काथ्याकूट करतात, पण खरा फरक पडतो तो पैसे खात्यातून कुठल्या तारखेला निघतात याने.

आमचा पगार महिनाअखेरीला जमा होतो. पीपीएफचा हप्ता ३ तारखेला आपोआप जातो आणि एसआयपी ५ तारखेला. घराचा हप्ता, मुलीची फी, किराणा हे सगळं त्यानंतर. आधी उरेल ते टाकायचं असा हिशोब होता आणि महिनाअखेरीस फारसं उरायचं नाही. आता खात्यात जे दिसतं ते खर्चायचं, एवढाच नियम आहे. पहिले दोन-तीन महिने ओढाताण झाली. नंतर घरखर्च आपोआप त्या आकड्यात बसायला लागला.

पीपीएफला ३ तारीख देण्यामागे कारण आहे. तिथे व्याज मोजताना महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल ती धरतात. म्हणजे ६ तारखेला भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. सध्याच्या ७.१ टक्के दराने वर्षाला जास्तीत जास्त भरता येणारे दीड लाख ५ एप्रिलऐवजी ६ एप्रिलला भरले, तर ८८७ रुपये गेले. दरमहा साडेबारा हजार भरणाऱ्याने प्रत्येक हप्ता ५ तारखेनंतर भरला, तरी वर्षाचं नुकसान तेवढंच. रक्कम मोठी नाही, पण फक्त तारीख बदलून ती वाचते आणि पंधरा वर्षं वाचत राहते.

व्याज दरमहा मोजलं जात असलं तरी खात्यात ३१ मार्चलाच जमा होतं. आमच्या पहिल्या मार्चअखेरीस ४०,००० रुपये भरून झाले होते आणि त्यावर १,३०२ रुपये व्याज पडलं. पासबुक बघून नवरा म्हणाला, "एवढंच?" मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. हाच दर टिकला असं धरून महिना ४,००० रुपये पंधरा वर्षं भरले तर एकूण भरणा ७ लाख २० हजार आणि हातात सुमारे १२ लाख ६० हजार. त्यातलं पहिल्या दहा वर्षांचं सगळं व्याज मिळून जेमतेम २ लाख १० हजार होतं, आणि शेवटच्या पाच वर्षांत ३ लाख ३० हजार. ही फोड बघितल्यावर त्याचा सूर बदलला. जे लोक पाच-सात वर्षांनी कंटाळून खात्याकडे दुर्लक्ष करतात, ते नेमके ऐन भराच्या आधी थांबतात.

आता पीपीएफच्या अडचणी. पंधरा वर्षं म्हणतात, पण ती खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात. माझं खातं जून २०२४चं, म्हणजे ते १ एप्रिल २०४०ला पूर्ण होणार. मधे पैसे काढायची सोय सातव्या आर्थिक वर्षापासून, तीही मर्यादेत. त्याआधी तिसऱ्या ते सहाव्या वर्षात कर्ज मिळतं, पण तेही शिलकीच्या पाव हिश्शापर्यंतच. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. एप्रिल २०२०पासून तो ७.१ टक्क्यांवरच आहे, पण पुढची पंधरा वर्षं तसाच राहील असं कुणी लिहून दिलेलं नाही. नवीन कररचना घेतली तर ८०सीची, म्हणजे भरलेल्या रकमेवरची, करवजावट मिळत नाही, हे माझ्या बाबतीतही लागू आहे. तरीही व्याज पूर्ण करमुक्त राहतं. ७ टक्क्यांच्या एफडीवर २० टक्के कर धरला तर हातात ५.६ टक्के पडतात, त्यामुळे वजावट नसतानाही पीपीएफ पुढेच राहतं. आणि ज्यांच्या घरी धंदा आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कर्जवसुलीसाठी कोर्टाला पीपीएफमधल्या पैशांवर जप्ती आणता येत नाही.

इंडेक्स फंडाचा अनुभव याच्या अगदी उलट. पैसे केव्हाही काढता येतात, पण आकडा रोज हलतो. निफ्टीतल्या पन्नास कंपन्या ज्या प्रमाणात निर्देशांकात आहेत त्याच प्रमाणात फंड त्या घेऊन ठेवतो. कुठला शेअर वर जाईल हे ओळखायला कुणी बसलेलं नसतं, म्हणून खर्चही कमी. मी डायरेक्ट प्लॅन घेतला. २०१३च्या जानेवारीपासून प्रत्येक फंडाला तो ठेवणं बंधनकारक आहे; त्यात एजंटाचं कमिशन नसतं. माझ्या फंडाचा वार्षिक खर्च सुमारे ०.२ टक्के आहे. रेग्युलर, म्हणजे एजंटामार्फतच्या, प्लॅनच्या बऱ्याच इक्विटी (शेअरच्या) फंडांत तो दीड टक्क्याच्या पुढे असतो. टक्का-सव्वा टक्का किरकोळ वाटतो, म्हणून हिशोब देते. महिना ५,००० रुपये वीस वर्षं, परतावा १० टक्के धरला तर सुमारे ३८ लाख होतात. ९ टक्के धरला तर साधारण ३३ लाख ४० हजार. हे दर गृहीत धरलेले आहेत, हमी कसलीच नाही. पण त्या एका टक्क्यापायी साडेचार लाख जातात, हे गणित खरं आहे.

फंडाचं खातं सुरू करताना मात्र खूप मनस्ताप झाला, आणि तो लग्न झालेल्या बायकांनी आधीच वाचवावा म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बँकेत आडनाव सासरचं पण मधलं नाव वडिलांचं. तिन्ही माझीच नावं, पण केवायसीच्या यंत्रणेला ती तीन वेगळ्या बायका वाटल्या. अर्ज 'होल्ड'वर गेला. ज्या ॲपवरून अर्ज केला होता तिथे तक्रार टाकली की दरवेळी तेच छापील उत्तर यायचं: "कृपया कागदपत्रं पुन्हा अपलोड करा." कागदपत्रं बरोबर होती, नाव जुळत नव्हतं, आणि हे सांगायला माणूसच भेटेना. शेवटी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून पॅनवरचं नाव दुरुस्त केलं, मग बँकेतलं, आणि मग केवायसी अद्ययावत केलं. यात काही आठवडे गेले. म्हणून कुठलंही खातं उघडण्याआधी पॅन, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. विवाह नोंदणी केली नसेल तर ती आधी करून घ्या.

एसआयपी सुरू झाली आणि चारच महिन्यांत बाजार उतरायला लागला. सप्टेंबर २०२४च्या अखेरीस निफ्टी २६,२०० च्या वर गेला होता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग पाच महिने तो घसरत राहिला. १९९६नंतर असं पहिल्यांदाच झालं. मार्च २०२५च्या सुरुवातीला तो २२,१०० च्या खाली बंद झाला, म्हणजे शिखरापासून जवळपास १६ टक्के उतरला. ॲप उघडलं की लाल आकडा. नवऱ्याच्या कंपनीत, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, डब्याच्या सुट्टीत हाच विषय असायचा आणि बऱ्याच जणांनी एसआयपी बंद केल्या. आम्ही एवढंच केलं की ॲपच्या सूचना बंद केल्या आणि ५ तारखेला हात लावला नाही. निफ्टी २६,००० असताना ५,००० रुपयांत फंडाची जेवढी युनिट्स (हिस्से) येत होती, त्यापेक्षा २२,००० असताना साधारण १८ टक्के जास्त आली. जूनअखेर निफ्टी पुन्हा २५,५०० वर होता, आणि उतारात घेतलेल्या युनिट्सनीच आमचा आकडा हिरवा केला.

यावरून आम्ही परीक्षेत पास झालो असं मी म्हणणार नाही. १६ टक्के उतार म्हणजे फार काही नाही. जानेवारी २०२०मध्ये १२,३०० च्या वर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर आला होता आणि त्या एकाच दिवशी १३ टक्के पडला होता. असा उतार आमच्या वाट्याला अजून आलेला नाही. तेव्हाही हप्ता चालू राहिला, तर मी पुन्हा लिहीन.

माझ्या वडिलांना हा फंड अजून पटलेला नाही, आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. त्यांच्या पिढीने यूटीआय या फंड संस्थेच्या यूएस-६४ योजनेची युनिट्स बँकेतल्या ठेवीसारखी समजून घेतली होती. जुलै २००१मध्ये यूटीआयने त्या योजनेची विक्री आणि पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबवली तेव्हा निवृत्तीचे पैसे अडकलेली माणसं त्यांनी जवळून पाहिली. "युनिट म्हटलं की मला तेच आठवतं," असं बाबा म्हणतात. मी त्यांना एक फरक दाखवला. त्या योजनेत युनिटची किंमत संस्था स्वतः ठरवत होती आणि आतली मालमत्ता तेवढ्या मोलाची उरली नव्हती. आताच्या फंडाला रोजच्या रोज एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जाहीर करावी लागते. आतल्या शेअरची किंमत उतरली की ती त्याच दिवशी दिसते. दिसणारा तोटा टोचतो, पण लपवलेला तोटा माणसाला बुडवतो. बाबा ऐकून घेतात, आणि स्वतःचे पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेतच ठेवतात. त्यांच्या वयाला तेच योग्य आहे.

या दोन्हींच्या आधी आम्ही दोन कामं केली होती आणि ती नसती तर उताराच्या काळात एसआयपी मोडावी लागली असती. एक, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी एफडी, दोन वेगवेगळ्या बँकांत. ठेवविमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच मिळतो, आणि तोही फेब्रुवारी २०२०पर्यंत १ लाखच होता. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते, हे महाराष्ट्रात कुणी विसरलेलं नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा लागूच नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याज बघून सगळी पुंजी तिथे ठेवणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते. दुसरं काम म्हणजे दोघांच्या नावाने टर्म विमा. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी काढून टाकलाय, त्यामुळे थांबायला आता सबबही नाही.

ॲपविषयी माझी तक्रार आहे. मी महिन्याला एक काम करते, आणि ॲपला मात्र मी रोज काहीतरी करावं असं वाटतं. झटपट कर्ज, नवा आयपीओ, फ्युचर्स-ऑप्शन्स (शेअरच्या पुढच्या भावावरचे जोखमीचे सौदे), सगळं पहिल्याच पानावर. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालं, आणि ते सरासरी दोन लाखांच्या घरात होतं. पहिलीच एसआयपी करायला आलेल्या पंचविशीच्या मुलाला त्याच पडद्यावर हे बटण दिसावं, हे मला चुकीचं वाटतं. फंड कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनही डायरेक्ट प्लॅन घेता येतो, शेअर ठेवायचं डीमॅट खातंही लागत नाही. जमेल त्यांनी तोच रस्ता धरावा.

दरमहाची तारीख सगळ्यांना जमणारी नाही. माझे दीर दिंडोरीला द्राक्षबाग करतात. पैसे येतात ते हंगामात, आणि व्यापारी देईल तसे. त्यांनी एसआयपी घेतलेली नाही. हंगामाचे पैसे आले की ते ५ एप्रिलच्या आत पीपीएफमध्ये एकरकमी भरतात, म्हणजे वर्षभराचं व्याज पदरात पडतं. ज्या वर्षी अवकाळी पावसाने बाग जाते, त्या वर्षी ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. शेतकऱ्याला यापेक्षा सोयीची लांब मुदतीची योजना मला तरी दिसलेली नाही.

राहिलं नॉमिनीचं. आम्ही सगळीकडे एकमेकांचं नाव लावलंय, पण तेवढ्यावर थांबलो नाही. कालनिर्णयचे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या गुंतवणुकीवरून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की शेअर आणि फंडातलं नॉमिनेशन वारसा हक्कावर मात करत नाही. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण ते कुणाचे हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही; साधा कागद, आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. माझं लिहून झालंय. नवऱ्याचं दिवाळीच्या सुट्टीत त्याचा भाऊ गावाहून आला की करायचं ठरलंय, कारण वडिलोपार्जित जमिनीचा उल्लेख त्याला विचारूनच घालायचा आहे.