पिकअप वाढला म्हणून खूश झालो आणि फसलो

माझी २००३ सालची सहाचाकी पिंपळगावहून कांदा भरून वाशीला जाते. गेल्या उन्हाळ्यात तिला एक खोड लागली. सकाळी थंड असताना एका सेल्फात चालू, पण परतीचा माल घेऊन कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो की नुसती करकर. ड्रायव्हर इंजिनाच्या डिझेल पंपावर, म्हणजे नोझलना प्रेशरने डिझेल पुरवणाऱ्या पंपावर, ओलं गोणपाट टाकायचा, मग दहा-पंधरा मिनिटांनी घेतली तर घ्यायची.

पंपातले एलिमेंट, म्हणजे प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्या जोड्या, झिजल्याची ही खूण. डिझेल तापून पातळ झालं की प्लंजर आणि बॅरलमधल्या वाढलेल्या फटीतून मागे गळतं, आणि सेल्फच्या संथ फेऱ्यांत नोझल उघडण्याइतकं प्रेशर बनत नाही. म्हणजे दुखणं खरं होतं. फसवलं ते औषधाच्या नावाखाली.

हायवेच्या एका पंप रूममध्ये, म्हणजे पंप दुरुस्तीच्या दुकानात, गाडी लावली. त्याने मीटर बघितला आणि म्हणाला, "शेठ, चार लाख झाले, पंपाचं आयुष्य तेवढंच." मी मान डोलावली, इथेच माती खाल्ली. पंपाचं वय किलोमीटरवर नसतं. फटीची मूळ मापं काही मायक्रॉनची, माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. माझ्या गाडीसारख्या लाइन पंपात (एलिमेंट एका रांगेत असतात) प्लंजर ढकलणाऱ्या कॅमला इंजिन ऑइल मिळतं, पण प्लंजरचं वंगण म्हणजे खुद्द डिझेल. ते स्वच्छ असेल, फिल्टर वेळेवर बदलले असतील, तर सात-आठ लाख चाललेले पंप मी पाहिलेत. आणि ड्रममधलं पाणी मिसळलेलं डिझेल टाकून एका पावसाळ्यात गंजून गेलेलेही.

सहा एलिमेंट, सहा डिलिव्हरी व्हॉल्व, कॅलिब्रेशन (सहाही एलिमेंटचं डिझेल सारखं जुळवणं), मजुरी, मिळून ३४ हजार. तिसऱ्या दिवशी पंप चंदेरी रंग मारून, नवं सील लावून चकाचक बसला. गाडी अशी ओढायला लागली की ड्रायव्हर म्हणाला, नवीन इंजिन टाकलं काय! मागे काळा धूर जरा जास्त दिसत होता. तो मी बघूनही बघितला नाही.

महिनाभरात हिशेब लावला तर लिटरला साडेपाच किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज चारवर. दोन महिन्यांत इगतपुरीची करकर परत हजर.

शेवटी नाशकातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पंप बेंचवर, म्हणजे पंप फिरवून डिझेल मोजायच्या मशीनवर, चढवला आणि मला शेजारी स्टूल दिलं. सहा काचेच्या नळ्यांत तेल भरत गेलं, पण सगळ्यांत सारखं यायच्या ऐवजी एकीत वर, दुसरीत खाली, जिन्याच्या पायऱ्या जशा. मॅक्सचा स्क्रू, म्हणजे जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारा, उघडून डिझेल वाढवून ठेवलेलं. झिजलेल्या पंपाची ताकद भरून काढायला जास्त डिझेल ओतलं होतं, मला वाटलं पिकअप आला.

"जुने एलिमेंट दिले का त्याने?" मिस्त्रींनी विचारलं. दिले होते, केबिनमध्ये पिशवीत होते. त्यांनी पंपावरची नंबराची पट्टी रॉकेलच्या चिंधीने पुसली. नंबरात ए नंतर ९० कोरलेलं. "हे ९० म्हणजे प्लंजर नऊ मिलिमीटरचा." मग पिशवीतले एकेक व्हर्नियरमध्ये धरले. तीन नऊचे, तीन आठचे! आठचा प्लंजर माझ्या पंपातून निघणं शक्यच नव्हतं. कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीची रद्दी मला पुराव्यादाखल दिलेली. पंप उघडला तेव्हा आत फक्त दोन एलिमेंट नवे, बाकी चार माझेच जुने.

भांडायला गेलो तर उत्तर, "इलेक्ट्रिक मालाला आणि पंपाला गॅरंटी नसते शेठ, डिझेल तुमचं कसलं आहे आम्हाला काय माहीत." बिलावर फक्त 'पंप काम' लिहिलेलं. आता कुठे तक्रार करणार?

ज्यांच्या जुन्या गाड्या आहेत त्यांनी पंप उतरवण्याआधी पट्टीचा फोटो काढा आणि उघडण्याआधीचं बेंच रीडिंग डोळ्यांनी बघा, तेही सहाच्या सहा नळ्यांचं. एलिमेंटची पाकिटं तुमच्यासमोर फुटली पाहिजेत. बिलावर नग लिहून घ्या. पंप बसल्यावर धूर काळा आला तर पिकअपच्या नादाला लागू नका, तिथेच परत फिरा. बेंचजवळ उभं राहू देत नसेल तर गाडी तशीच ओढून पुढे न्या.

मिस्त्रींनी उरलेले चार एलिमेंट बदलले, स्क्रू जागेवर आणला. गाडी आता पाच-सव्वापाच देते, आणि इगतपुरीला चहा निवांत होतो.