गच्चीवरच्या टोमॅटोसाठी पुसा रुबी की अर्का रक्षक?

पुण्यातल्या आमच्या गच्चीवर मी तीन वर्षे पुसा रुबीची रोपे लावली आणि नंतरची दोन वर्षे अर्का रक्षकची. कुंड्या, माती आणि ऊन तेच असल्यामुळे ही तुलना करण्याचे धाडस करतो आहे.

चवीचा प्रश्न असेल तर पुसा रुबीला तोड नाही. फळ चपटे, रसाळ आणि चांगले आंबट असल्यामुळे सार करताना चिंच-आमसूल घालावे लागत नाही. शिवाय हे सरळ वाण आहे, म्हणजे त्याच्या बियांपासून पुन्हा तसेच झाड येते. पिकलेल्या फळाचा गर दोन दिवस पाण्यात आंबवून, बी धुऊन सावलीत वाळवले की पुढच्या वर्षीची सोय घरातच होते. अर्का रक्षक हे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे संकरित वाण असल्याने त्याचे बी दरवेळी विकत आणावे लागते आणि ते महाग वाटते, हे मान्य करायला हवे.

तरीही माझा कौल बदलला तो बोकड्यामुळे, म्हणजे पांढरी माशी पसरवते त्या पाने आकसवणाऱ्या विषाणूजन्य रोगामुळे. फेब्रुवारीत लावलेली पुसा रुबीची रोपे वीतभर वाढली की शेंड्याची पाने आत वळून चमच्यासारखी होत, फांदीला हात लावताच पिठाची चिमूट उधळावी तशी पांढरी माशी उडे आणि मग झाड फुलायचेच थांबे. या विषाणूवर औषध नाही; निंबोळी अर्क आणि पिवळे चिकट सापळे माशी कमी करतात, पण लागण झालेले रोप सुधारत नाही. दोन महिने रोज पाणी घालून जपलेली नऊपैकी सहा झाडे एका उन्हाळ्यात उपटावी लागली, तेव्हा फार वाईट वाटले.

अर्का रक्षक हे बोकड्या, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकारक म्हणून तयार केलेले आहे. माझ्या गच्चीवर माशी त्याच्यावरही बसली, एक-दोन शेंडे आकसलेही, पण झाडे फळत राहिली. फळ घट्ट, जाड गराचे असते; साराला ते थोडे कमी पडते, मात्र कोशिंबिरीला पाणी सुटत नाही आणि स्वयंपाकघरात आठवडाभर टिकते. आपल्याकडे माशीचा त्रास कमी असेल तर कदाचित आपला अनुभव वेगळा येईल.

ऑक्टोबरमध्ये सारासाठी दोन कुंड्यांत पुसा रुबी मी अजूनही लावतो. जानेवारीनंतर लावायची रोपे मात्र अर्का रक्षकचीच असतात.