फ्रेम रेटला घातलेली वेसण: रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर

महागडे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे आणि मग ते मुद्दाम कमी पळवायचे, हा प्रकार प्रथमदर्शनी कोणालाही उरफाटा वाटेल. मलाही तो बराच काळ तसाच वाटत होता. आज मात्र नव्या संगणकावर स्टीमच्या (गेम विकत घेऊन खेळण्याच्या ॲपच्या) पाठोपाठ मी जे सॉफ्टवेअर बसवतो, ते याच कामाचे आहे. अलेक्सी निकोलायचुक यांनी घडवलेले रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर मोफत असून बहुतेकांच्या संगणकात ते ग्राफिक्स कार्डाचे नियंत्रण करणाऱ्या एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरच्या सोबतीने येते. पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएस, म्हणजे फ्रेम रेट (कार्ड सेकंदाला किती चित्रे, अर्थात फ्रेम, काढते तो आकडा), आणि तापमान दाखवणारे आकडे, एवढीच त्याची ओळख अनेकांना असते. फ्रेम रेटची मर्यादा ठरवणारी चौकट त्यांच्याकडे वर्षानुवर्षे शून्यावरच, म्हणजे मोकाट, राहते.

त्या चौकटीचे महत्त्व कळण्यासाठी सरासरी एफपीएसचा मोह सोडावा लागतो. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे 16.67 मिलिसेकंद, पण एक फ्रेम 10 मिलिसेकंदांत आणि पुढची 23 मिलिसेकंदांत आली, तर सरासरी जवळपास तीच राहूनही डोळ्याला चित्र अडखळल्यासारखे दिसते. एखादा गेम 90 ते 140 च्या दरम्यान हेलकावे खात असेल, तर त्याला 90 वर बांधल्यास कार्डाजवळ थोडी ताकद शिल्लक राहते आणि अवघड दृश्यातही लय मोडत नाही. रिव्हाट्यूनरचे खरे कसब इथे दिसते, कारण त्याने बांधलेल्या गेमचा फ्रेम टाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख जवळजवळ सरळ रेषेत धावतो.

जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी व्यवस्था) असलेल्या मॉनिटरवर मर्यादेचे कारण आणखी ठोस आहे. 144 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणाऱ्या (हाच त्याचा रिफ्रेश रेट), मॉनिटरला कार्डाने 144 पेक्षा जास्त फ्रेम पाठवल्या की ही व्यवस्था आपल्या कक्षेबाहेर जाते, आणि मग एक तर चित्र आडवे फाटलेले दिसते किंवा व्ही-सिंकमुळे (फ्रेमला मॉनिटरच्या ठेक्यासाठी थांबवणाऱ्या सोयीमुळे) माउसची हालचाल उशिरा उमटते. म्हणून रिफ्रेश रेटच्या तीन फ्रेम खाली, म्हणजे 141 वर थांबण्याचा प्रघात जाणकारांमध्ये रुळला आहे.

उष्णतेचा मुद्दा तर गेमच्या मेनूपासूनच सुरू होतो. जिथे काढण्यासारखे फारसे काही नसते, तिथे मोकाट कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसते. 2010 मध्ये स्टारक्राफ्ट 2 च्या मेनूमध्ये कार्डे तापू लागली, तेव्हा त्या गेमची निर्माती कंपनी ब्लिझर्डने सेटिंगच्या फाइलमध्ये मर्यादेच्या ओळी घालायला सांगितल्या होत्या. 2021 मध्ये ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या गेमच्या बीटा चाचणीत काही आरटीएक्स 3090 कार्डे निकामी झाल्यावर ॲमेझॉननेही मेनूला मर्यादा घातली. अर्थात तेव्हा अशी कार्डे बनवणाऱ्या ईव्हीजीएने नंतर आपल्या काही कार्डांतील सोल्डरिंगचा दोष मान्य केला, त्यामुळे सगळे खापर गेमवर फोडणे योग्य नाही. वीजबिलाचे गणित साधे आहे: मर्यादेमुळे 100 वॉट वाचले, तर दहा तासांच्या खेळात एक युनिट वाचते. आमच्या विदर्भात मे महिन्यात त्या युनिटपेक्षा खोलीत न ओतली गेलेली उष्णताच जास्त मोलाची वाटते.

या साधनात उणिवाही आहेत. त्याची खिडकी जुन्या काळातली वाटते आणि काही सोयी अक्षरशः लपवलेल्या आहेत. फ्रेम रेटऐवजी फ्रेम टाइमची मर्यादा घालायची असेल, तर त्या चौकटीच्या नावावरच क्लिक करावे लागते, हे कोणी सांगितल्याशिवाय कसे सुचावे? ते गेमच्या प्रक्रियेत शिरून काम करत असल्याने काही ऑनलाइन गेमच्या अँटी-चीटशी (फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेशी) त्याचे जमत नाही. शिवाय गेमच्या स्वतःच्या लिमिटरच्या (मर्यादा घालणाऱ्या सोयीच्या) तुलनेत इनपुट लॅग (माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा विलंब) किंचित वाढतो. त्यामुळे गेममध्ये नीट चालणारा लिमिटर असेल, तर आधी तोच वापरावा. 2020 पासून एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्येही (त्या कंपनीची कार्डे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही) मर्यादेची सोय आहे, आणि ज्यांना आणखी एक सॉफ्टवेअर नको आहे त्यांचे काम तिच्यावर भागते. काउंटर-स्ट्राइकसारख्या स्पर्धात्मक खेळात जास्त फ्रेम म्हणजे कमी विलंब, हे खरेच आहे. मात्र कार्ड पूर्ण क्षमतेने राबू लागले की फ्रेमची रांग साचून विलंब वाढतो, हेही तितकेच खरे आहे.

प्रत्येक गेमसाठी वेगळी नोंद ठेवता येते, ही सोय मला सर्वांत उपयोगी वाटते. 2011 च्या स्कायरिमचे भौतिकशास्त्र (वस्तूंच्या हालचालीचे गणित) 60 फ्रेमशी जखडलेले असल्याने वेग वाढला की टेबलावरची भांडी आपोआप उडू लागतात. माझ्याकडे स्कायरिमसाठी 60, काउंटर-स्ट्राइकसाठी शून्य आणि उरलेल्या सर्व गेमसाठी 141 अशी नोंद आहे. काउंटर-स्ट्राइकची मर्यादा त्या गेमच्याच सेटिंगमध्ये घातलेली आहे.