गाडीने कॅनडाला जाताय? नेक्सस, ग्लोबल एंट्री आणि सेन्ट्री यांत काय निवडाल

सिएटलहून व्हँकुव्हर किंवा बफेलोहून टोरांटो अशी तुमची गाडीने सारखी ये-जा असेल, तर आधीच तपासणी झालेल्या प्रवाशांना सीमेवर जलद सोडणाऱ्या या तीन सदस्यत्व योजनांपैकी एक घ्यायचा विचार मनात येतोच. पण पहिला प्रश्न फीचा नाही. ग्रीन कार्ड हातात आलंय की अजून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, हे आधी बघा.

एच-वन-बीवर असलेल्या भारतीयाला नेक्सस मिळत नाही. ग्लोबल एंट्री मात्र भारतीय पासपोर्टवर 2017 पासून मिळते आणि विमानतळावर तिचा चांगला उपयोग होतो. पण रस्त्याच्या नाक्यावर जलद लेनमध्ये जायला लागतं ते तिचं कार्ड, आणि ते अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि मेक्सिकन नागरिक यांनाच देतात. त्यामुळे केवळ गाडीच्या प्रवासासाठी तिच्यावर पैसे घालू नका.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर मी नेक्ससच घ्या म्हणेन. ऑक्टोबर 2024 पासून तिन्हींची फी सारखीच आहे, पाच वर्षांचे 120 डॉलर. ग्लोबल एंट्रीचं कार्ड अमेरिकेत परत येताना नेक्ससच्या लेनमध्ये चालतं, कॅनडात शिरताना नाही. नेक्सस दोन्ही बाजूंना चालतं, शिवाय विमानतळावरची ग्लोबल एंट्रीची सोय त्यातच येते. नायगाऱ्याजवळचा व्हर्लपूल पूल तर फक्त नेक्ससवाल्यांसाठीच आहे. दोन्ही देश तुमची चौकशी करतात, म्हणून थोडा धीर धरावा लागतो.

सेन्ट्री मेक्सिकोच्या सीमेसाठी. सॅन दिएगोत राहून तिहुआनाला नेहमी जाणाऱ्यांनीच तिचा विचार करावा. त्यात गाडीचीही नोंदणी लागते.

आपल्या घरांत गाडी अडते ती मागच्या सीटवर. नेक्ससच्या लेनमध्ये गाडीतल्या प्रत्येकाकडे स्वतःचं कार्ड लागतं, कार सीटमधल्या तान्ह्या बाळाकडेसुद्धा. आईबाबा सदस्य असतील तर मुलांना फी नाही, तेव्हा त्यांचा अर्ज सोबतच भरून टाका. पण भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा बरोबर असतील, तर तुमची सगळी कार्डं खिशात ठेवून साध्या रांगेतच उभं राहायचं.

आणि टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनहून किराणा घेऊन परतताना पिशव्या एकदा उलगडून बघा. ताजा कढीपत्ता अमेरिकेत आणायला बंदी आहे. कोथिंबिरीखाली एखादी जुडी राहिली आणि अधिकाऱ्याने विचारल्यावर तुम्ही नाही म्हणालात, तर दंड होऊ शकतो आणि कार्डही जाऊ शकतं.