बदलीनंतरची वर्षयादी: राज्याची पुढे न्यावी की जिल्ह्याची नव्याने धरावी?

बदल्या नेमक्या मे-जूनमध्ये होतात. वर्षयादी, म्हणजे एक जानेवारीपासून वर्षभरात पाहिलेल्या पक्ष्यांच्या जातींची यादी, ठेवणाऱ्याला याहून अडचणीचा काळ नाही. हिवाळी पाहुणे नोंदून झालेले असतात, यादी निम्म्याच्या पुढे गेलेली असते, आणि आपण सामान उतरवतो ते अशा गावात जिथली झाडं, पाणी, पक्षी सगळंच वेगळं. मी पुण्याहून चिपळूणला आलो तेव्हा हाच पेच होता. जिल्हा बदलला, राज्य तेच राहिलं. मग जानेवारीपासूनची महाराष्ट्राची यादी पुढे चालू ठेवायची, की रत्नागिरी जिल्ह्याची शून्यापासून सुरू करायची? बदलीच्या वाटेवर असलेल्या ओळखीच्या दोघातिघांनी अलीकडे हेच विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याचं ईबर्ड हे संकेतस्थळ वापरत असाल तर नोंदीपुरतं काहीच निवडावं लागत नाही. नकाशावर खूण जिथे पडते त्यावरून देशाची, राज्याची, जिल्ह्याची अशा सगळ्या याद्या आपोआप बनत जातात. ठरवायचं असतं ते एवढंच, की कोणती यादी डोळ्यांसमोर ठेवून रविवार आखायचा. वर्षभराचे रविवार धरले तर ही निवड लहान नाही.

राज्याच्या यादीचं पारडं पहिल्या नजरेत जड वाटतं, आणि ते चुकीचंही नाही. महाराष्ट्रात साडेपाचशेहून अधिक जातींची नोंद आहे. पुण्यात राहून मे अखेरपर्यंत भिगवणचे रोहित, पट्टकादंब आणि चक्रवाक, सासवड-मोरगावच्या माळांवरचे धाविक, सिंहगडाच्या खोऱ्यातले माशीमार एवढं सगळं झालेलं असतं. त्यावर पाणी सोडायला मन होत नाही. शिवाय गेल्या वर्षी याच तारखेला आपण कुठे होतो, ही तुलना राज्याच्या यादीतच शक्य असते. जुने सोबती राज्याचीच यादी धरून बोलत असतात, त्यामुळे गप्पांमधून आपण तुटत नाही. आणि घाटावरून कोकणात उतरलेल्या माणसाला पहिले काही आठवडे राज्याची यादीही भरभरून देते. मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर नवरंग येतो आणि पहाटे-संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येऊ लागते. रात्रीच्या प्रवासात दिव्यांना भुलून तो कधी थेट घराच्या पडवीत येऊन पडतो. पाऊस लागला की ओढ्याकाठी तिबोटी खंड्या. जुन्या देवराईत ककणेर, म्हणजे धनेश. किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड, जो उंच झाडावरचं आपलं घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो. हे सगळे राज्याच्या यादीतही नवेच होते.

मग ते संपलं. मला जी गोष्ट खुपली ती इथूनच सुरू झाली.

पावसाळा अर्धा सरला तोवर चिपळूणच्या आसपास राज्याच्या यादीला नवं देऊ शकतील असे पक्षी फार थोडे उरले. वंचक, तुतवार, हळद्या, सातभाई, दयाळ, धोबी हे सगळे पुण्यातच जानेवारीत झालेले. यादीच्या हिशेबी त्यांचं काम उरलं नव्हतं. उरलेली सगळी बाकी घाटाच्या पलीकडे होती. सोलापूरकडे नान्नजचा माळढोक, गोंदियाचे सारस, 1997 साली शहाद्याजवळ शतकभरानंतर पुन्हा सापडलेला आणि मेळघाटात बघायला मिळणारा रानपिंगळा. नकाशावर बोट ठेवून बघा, यातलं काहीही कोकणाच्या वाटेवर नाही. त्यात फोनवर गटातले संदेश. भिगवणला अमुक उतरलंय, पाषाणला तमुक आहे. शनिवारी संध्याकाळी मन आपोआप कुंभार्ली चढायला लागायचं.

आणि एकदा चढलं की दिवस गेला. पहाटे अंधारात निघायचं. गुहागर-विजापूर रस्त्यावर वळणावळणाला मालट्रक, धुक्यात पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसतात. मग पाटण, कऱ्हाड, तिथून हमरस्ता. भिगवणला पोचेपर्यंत ऊन चढलेलं, नावाडी दुसऱ्या फेरीला निघालेला. एक-दोन जाती मिळतात, नाही असं नाही. पण रात्री उतरून घरी आलो की जाणवायचं, की ज्या गावात राहतो तिथली त्या दिवसाची सकाळ मी पाहिलीच नाही. चिपळूणच्या खाली वाशिष्ठी रुंदावते, ओहोटीला चिखल उघडा पडतो, आणि तिथे त्या सकाळी काय उतरलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. एखाद्या आठवड्यापुरतं हे चालून गेलं असतं. पण राज्याची यादी जितकी मोठी होते तितकी ती घरापासून लांब ओढते, आणि बदलून आलेल्या माणसाच्या बाबतीत ती ओढ नेमकी जुन्या गावाकडेच असते. माझ्यापुरता निकाल इथे लागला. इतर कारणं पुढे देतो, पण ती दुय्यम आहेत.

जिल्ह्याची यादी पहिल्या दिवशी शून्यावर होती. घराच्या गच्चीवरून कावळा, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, वेडा राघू, सगळे पुन्हा नवे झाले. पुण्यात ज्याच्याकडे मान वळवणंही सुटलं होतं त्या पक्ष्यासाठी दुर्बीण उचलली जाऊ लागली, आणि एकदा उचलली की त्याच्या शेजारचाही दिसतो. पांढऱ्या बगळ्यांचंच बघा. राज्याच्या यादीत लहान बगळा केव्हाच झालेला असल्यामुळे खाडीकाठच्या पांढऱ्या बगळ्यांवरून नजर घसरून पुढे जाते. जिल्ह्यासाठी मात्र प्रत्येकाची चोच बघावी लागते, आणि मग त्यांत एखादा जाड, पिवळसर-तपकिरी चोचीचा निघतो. तो समुद्र बगळ्याचा पांढरा अवतार असतो.

भरती-ओहोटीही मी या यादीमुळेच शिकलो. घाटावरच्या माणसाला सकाळ म्हणजे सहा ते नऊ, पक्षी बघायची वेळ ठरलेली. खाडीत तसं नसतं. शेजारच्या काकांनी इकडचा जुना हिशेब सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे चतुर्थीच्या पहाटे तीनला भरती आणि नऊच्या सुमाराला चिखल उघडा, ही सकाळ उत्तम. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, उन्हात. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा आहे. खाडीत जितकं आत जाल तितकी वेळ पुढे सरकते आणि ती आपली आपणच ताडून घ्यावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चिखल लांबवर उघडतो आणि पक्षी दूर पांगतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत पट्टा अरुंद राहतो, तेव्हा ते जवळ मिळतात. मला तरी भांगाचे दिवसच जास्त फळले.

असाच एका ओहोटीला चिखल्यांचा, म्हणजे चिखलात किडे टिपणाऱ्या छोट्या किनारपक्ष्यांचा, थवा जवळून मिळाला होता. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, मान किंचित कलती करून चिखलाकडे टक लावतो आणि मग झटकन वाकून किडा ओढतो. किडा ताणला जातो, तुटू नये म्हणून पक्षी क्षणभर ओढ सैल सोडतो आणि पुन्हा खेचतो. टिलवे हेही तसलेच चिमुकले किनारपक्षी, पण त्यांना थबकणं माहीतच नाही, त्यांची चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी सतत खाली-वर. त्या थव्यातले बरेचसे छोटे वाळू-चिखल्ये होते. 2023 साली ईबर्डच्या वर्गीकरणात या जातीचे तिबेटी आणि सैबेरियन असे दोन भाग झाले, त्यामुळे जुन्या नोंदी असतील तर एकदा तपासून घ्या. भारताच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसणारे बहुतेक तिबेटी असतात.

जिल्हा धरला की पक्ष्यांचं मोलही बदलतं. धाविक पुण्याच्या माळांवर ठरल्या जागी मिळतो. इथे त्याची आशा धरण्यात अर्थ नाही. चक्रवाक भिगवणला थव्याने, इथे जोडी दिसली तरी मी दिवस सार्थकी लागला असं म्हणेन. उलट माळटिटवीसाठी घाट चढावा लागेल असं वाटलं होतं, पण रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळसड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, ती आहे. तिच्या जोडीला तुऱ्याचा मलबारी चंडोलही आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, एका बाजूला सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या बाजूला समुद्र. सदाहरित जंगल, सडा, भातखाचर, खाडी आणि किनारा एका जिल्ह्यात मिळतो. पहाटे निघून जेवायला घरी परतता येईल एवढ्यातच बरंच काही उरकतं. शेजारच्या रायगडाने तर तिबोटी खंड्याला आपला जिल्हा पक्षी केलं आहे. जिल्हा हे एकक लोकांना आपलं वाटतं, हे त्यावरून दिसतं.

आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. पुण्याच्या नेहमीच्या जागांवर रोज कोणी ना कोणी नोंद करतं. इकडचा नकाशा उघडला तेव्हा आतल्या गावांच्या नोंदी विरळ दिसल्या, पावसाळ्यातल्या तर फारच. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचे 2020 आणि 2023 चे अहवाल ईबर्डवरच्या अशाच नोंदींवर उभे आहेत. भिगवणची आणखी एक यादी आणि श्रावणातल्या एखाद्या देवराईची पहिली यादी, यात दुसरी जास्त कामाची, असं माझं मत आहे.

जिल्ह्याच्या यादीत त्रास नाहीत असं नाही. हद्दीचा त्रास पहिला. पोफळी रत्नागिरीत, कुंभार्लीचा माथा ओलांडला की सातारा. खालून सुरू केलेली यादी वर जाऊन संपवलीत आणि खूण माथ्यापलीकडे पडली, तर घाटातले सगळे पक्षी साताऱ्यात जमा होतात. म्हणून माथ्याच्या अलीकडे यादी बंद करायची आणि पलीकडे नवी उघडायची. उत्तरेला बाणकोटच्या खाडीवरही तसंच. समोरचा काठ रायगडाचा, पण ईबर्डची नोंद तुम्ही उभे असता त्या जागेची, त्यामुळे बाणकोटच्या बाजूने पाहिलेलं रत्नागिरीत जमा होतं.

दुसरा त्रास वर्षाचा. जूनमध्ये आलात तर जिल्ह्याचे जानेवारी ते मे हातातून गेलेले असतात. माझ्या अनुभवात हे नुकसान वाटतं तेवढं नाही. सप्टेंबरपासून किनाऱ्याचे पाहुणे परततात, आणि युरोपियन नीलपंखासारखा वाटसरू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जाताना दिसतो. काही जण रुजू झाल्याच्या तारखेपासून बारा महिने मोजतात. ती पद्धत छान आहे, पण तिचा हिशेब वहीत हाताने ठेवावा लागतो. तिसरी गोष्ट ईबर्डवरच्या पहिल्या शंभर निरीक्षकांच्या तक्त्याची. कमी निरीक्षकांच्या जिल्ह्यात आपलं नाव भराभर वर चढतं. त्याचा आनंद घ्यावा, पण त्यासाठी संशयास्पद पक्षी नोंदू नये. नव्या मुलखात ओळख पक्की व्हायला वेळ लागतो, आणि तिथे प्रामाणिकपणे 'कुठला तरी टिलवा' असं लिहिण्याची सोय आहे.

तरीही काहींनी राज्याचीच यादी चालू ठेवावी असं मी म्हणेन. बदली वर्षभराचीच असेल, कुटुंब जुन्या गावी असेल आणि दर शनिवार-रविवार तिकडेच जाणं होत असेल, तर जिल्ह्याची यादी उपाशी राहील. यंदा राज्याचा तीनशेचा किंवा चारशेचा टप्पा गाठायचाच, असं ठरवून रजा आणि पैसे बाजूला ठेवले असतील तरीही. आणि बदली राज्याबाहेर, म्हणजे हैदराबादला किंवा भोपाळला झाली असेल, तर हीच निवड देश की नवं राज्य अशी होते. तिथेही मी आधी जिल्हाच उघडून बघेन.

बाकीच्यांनी, म्हणजे जे दोन-तीन वर्षं नव्या गावात काढणार आहेत त्यांनी, डिसेंबरपर्यंत राज्याच्या यादीचं पान उघडूच नये असं मला वाटतं. ती मागे आपोआप भरत राहते. ईबर्डमध्ये आपल्या याद्या उघडून जिल्हा आणि वर्ष निवडा आणि ते पान फोनच्या पडद्यावर जतन करून ठेवा. एक जानेवारीला दोन्ही याद्या शून्यावर येतील, तेव्हा पुन्हा ठरवता येईल. माझं ठरलं आहे. पंचांग उघडून त्या दिवशीची तिथी बघून ठेवली आहे.