फुकटातला फुटबॉल: पुण्याच्या जिल्हा लीगमधल्या एका क्लबचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगतो, क्लबचं नाव लिहिणार नाही. आमचा सेक्रेटरी हे वाचणार, कॅप्टन वाचणार, आणि पुढच्या मॅचला मला त्यांच्याच बाकड्याशेजारी उभं राहायचंय. जिल्हा लीगच्या खालच्या डिव्हिजनमधला, घोरपडीकडचा एक जुना क्लब, एवढं पुरे. पुण्यात फुटबॉल कुठं खेळतात हे शोधायचं असेल तर गोऱ्या पलटणींच्या छावण्या कुठं होत्या ते बघायचं: कॅम्प, घोरपडी, वानवडी, खडकी. सदाशिव पेठेतला सेंटर फॉरवर्ड मला तरी अजून भेटलेला नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यात घर पाटाकडील तालमीच्या टीमवाल्यांचं. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, तिकीट काढून भरलेली गॅलरी, बंदोबस्ताला पोलीस, आणि दिलबहार तालमीच्या टीमशी मॅच असली की घरात कुणी धड जेवत नाही. तिथनं नोकरीसाठी भोसरी एमआयडीसीत आलो. इथली लोकल मॅच पहिल्यांदा बघितली तेव्हा मैदानात बावीस खेळाडू, तीन पंच आणि बाहेर बघायला मी, एक आजोबा आणि कुणाची तरी आई. म्हटलं, भावा, हे काय खरं नाही. तरी आज मी या क्लबचा वर्गणी भरणारा सभासद आहे, आणि पुण्यात फुटबॉलवर जीव लावायचा असेल तर तो अशाच ठिकाणी लावा असं माझं स्पष्ट मत आहे.

असं का म्हणतो ते कळायला आधी बालेवाडी स्टेडियमवर खेळून गेलेल्या पुण्याच्या मोठ्या क्लबांचा हिशेब मांडावा लागेल. २००७ मध्ये अशोक पिरामल ग्रुपनं पुणे एफसी काढला. पहिल्याच आय-लीगला, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगला, २००९-१० मध्ये, टीम तिसरी आली. २०१२-१३ ला चर्चिल ब्रदर्सच्या मागं दुसरी. आम्ही म्हणायला लागलो, आता एक धक्का और. २०१५ मध्ये क्लब लीगमधून बाहेर. कल्याणी ग्रुपचा भारत एफसी त्याच सुमारास आला, एक सीझन खेळला आणि गेला. डीएसके शिवाजीयन्स दोन सीझन आय-लीग खेळले, २०१७ ला तेही थांबले. आणि आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, पुणे सिटी. २०१४ ला फ्रान्सचा वर्ल्डकप विजेता त्रेझेगे आपल्या बालेवाडीत पुण्याची जर्सी घालून पळताना बघितला तेव्हा शेजारच्यानं मला मिठी मारली होती, ओळख ना पाळख. मार्च २०१८ मध्ये बंगळुरूविरुद्ध सेमीफायनल: घरी शून्य-शून्य, तिकडं छेत्रीनं तीन गोल घातले आणि विषय संपला. पुढच्या वर्षी क्लबच संपला. फ्रँचायझी हैदराबादला गेली.

२०१५ ते २०१९, चार क्लब. आमच्या कपाटातल्या जर्सी बायको आता फरशी पुसायला मागते, मी देत नाही.

हे सगळं रडगाणं म्हणून सांगत नाही. मोठ्या उद्योगांचे पैसे होते, लीगला तोटा होता, पैसे काढून घेतले, व्यवहार आहे. मुद्दा एवढाच की त्यात चाहत्याच्या हातात काहीच नव्हतं. इंग्लंडात विंबल्डन नावाचा क्लब होता, १९८८ चा एफए कप जिंकलेला. २००२ मध्ये त्याला लंडनबाहेर नव्वदएक किलोमीटरवर मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली. चाहत्यांनी काय केलं, स्वतःचा एएफसी विंबल्डन काढला. मैदानात खुल्या ट्रायल घेऊन टीम उभी केली आणि नवव्या पायरीपासून सुरुवात केली. तिकडं वरच्या चार डिव्हिजनच्या खाली जे काही आहे त्याला नॉन-लीग म्हणतात, तिथं चिखलात खेळत खेळत पाच प्रमोशन घेऊन २०११ ला ते परत वर आले. आमचा क्लब तर साडेपाचशे किलोमीटर गेला. आपण काय केलं? फेसबुकवर दोन दिवस शिव्या घातल्या आणि परत मँचेस्टर युनायटेड बघायला लागलो. मीही बघतोच, रात्री साडेबाराला, डोळे चोळत. पण तो टीव्ही झाला.

तर आता सेवा कशी आहे ते.

तिकीट नाही. गेट असलं तर उघडं असतं. जागा म्हणाल तर टचलाइनपासून दोन पावलांवर, हवी तिथं. बालेवाडीचं स्टेडियम मोठं देखणं, पण ते ॲथलेटिक्सचं. २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा तिथंच झाली. मैदान आणि गॅलरीच्या मध्ये अख्खा ट्रॅक, त्यामुळं कॉर्नर कुणी मारला हे समोरच्या स्क्रीनवर बघून कळायचं. इथं कॉर्नर मारणारा पोरगा मलाच सांगतो, "काका, जरा मागं सरका." फक्कीची रेघ ताजी असेल तर घरी जाताना बूट पांढरे झालेले असतात.

आणि आवाज. टीव्हीवर फुटबॉल बघणाऱ्याला हा खेळ किती बडबडीचा आहे याची कल्पना नसते. आमचा कीपर सत्तर मिनिटं अखंड बोलतो. "मॅन ऑन! टाइम है, टाइम है! लाइन वर घे रे! डावीकडं कोण बघणार, माझा बाप?" मराठी, हिंदी, इंग्रजी आणि चिडला की तमिळ. त्याच्या ग्लोव्ह्जच्या उजव्या तळव्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय, कारण नवीन जोडी चांगली घ्यायची तर त्याचा दोन-तीन दिवसांचा डिलिव्हरीचा पगार जातो. मॅचच्या दिवशी तो ॲप बंद ठेवतो. एकदा ठेवायचा विसरला, आणि गोलपोस्टमागं ठेवलेला मोबाइल पेनल्टीच्या वेळी वाजायला लागला. पेनल्टी मारणारा बिचकला आणि बॉल बाहेर घातला. समोरच्यांनी रेफ्रीकडं दाद मागितली, रेफ्री म्हणाला मोबाइलचा नियम मला माहीत नाही. तो पॉइंट आम्हाला मिळाला.

राइट बॅक रात्रपाळी करून येतो. हाफटाइमला बाकीचे कोचचं ऐकत असतात, हा शूजची नाडी सैल करून बॅगेवर डोकं ठेवून चक्क झोपतो. कोच त्याला उठवत नाही. दुसऱ्या हाफला काय करायचं ते शेवटी येऊन दोन वाक्यांत सांगतो. उजवीकडून गोल क्वचितच जातो, त्यामुळं कुणी बोलत नाही.

खेळाचा दर्जा. इथं खोटं बोलणार नाही. पहिली वीस मिनिटं छान चालतं, शॉर्ट पास, वन-टू, सगळं. मग दम लागतो आणि बॉल आकाशात. पंधरा मिनिटं बॉल जमिनीवर दिसत नाही अशाही मॅच झाल्यात. कोल्हापुरात कुठल्याही तालमीच्या बी टीमला अशा खेळावर गॅलरीतून चप्पल मिळेल. पण याच मैदानांवरून वर जाणारी पोरंही दिसतात. मागं समोरच्या टीममध्ये एक डावखुरा होता, कोवळा, मिसरूडही नीट न फुटलेला. त्यानं आमच्या तिघांना कोपऱ्यात घेऊन असा काही बॉल काढला की आमच्याच बाकड्यावरून टाळी पडली. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, असली पोरं बघितली की तो आठवतो.

आयएसएलमध्ये कधीच न मिळालेली गोष्ट इथं मिळते: खाली जायची भीती. आयएसएलला पुणे सिटी शेवटून पहिले आले असते तरी पुढच्या वर्षी तिथंच खेळले असते. इथं तळाला राहिलात तर खालच्या डिव्हिजनमध्ये. गेल्या सीझनला शेवटच्या मॅचला आम्हाला बरोबरी पुरेशी होती, आणि शेवटची दहा मिनिटं मी बघूच शकलो नाही, पाठ करून उभा होतो. शेजारचे आजोबा मला कॉमेंटरी देत होते. ते जुने रेल्वेतले, स्वतः विंगला खेळलेले, आणि प्रत्येक पास "आमच्या वेळी" कसा दिला असता ते सांगतात. त्या दिवशी मात्र नुसतं "काढला, काढला, परत काढला" म्हणत होते. वाचलो.

तक्रारी भरपूर आहेत. वेळापत्रक हा पहिला त्रास. मॅच कधी आहे हे व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या रात्री कळतं आणि सकाळी बदलतं. भोसरीवरून निघून मैदानावर पोचावं आणि समोरची टीम अकरा जमली नाही म्हणून वॉकओव्हर, हे दुःख ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. तीन पॉइंट मिळतात खरे, पण मी काय पॉइंट बघायला आलेलो नसतो. दुपारी दोनची मॅच उन्हाळ्यात कुणाच्या डोक्यातून निघते तो माणूस मला एकदा भेटायचाय. स्कोअरबोर्ड नाही; उशिरा आलात तर लाइन्समनला विचारायचं, तो मूडमध्ये असेल तर सांगतो. स्वच्छतागृहाबद्दल काही लिहीत नाही, बायकामाणसांना घेऊन जायचं असेल तर आधी चौकशी करा, एवढं गंभीरपणे सांगतो. एका मैदानावर तर शेजारी टेनिस बॉल क्रिकेट चालू असतं आणि त्यांचा डीप मिडविकेट आमच्या पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्यात उभा असतो. त्यानं एकदा आमच्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, "जरा बाजूला, कॅच येतोय" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय.

पंचांवर ओरडायची सोय मात्र पूर्ण आहे. फक्त ते उत्तर देतात, याची तयारी ठेवा. "सर, हा ऑफसाइड कसा?" असं मी एकदा तावातावानं विचारलं. लाइन्समन झेंडा खाली न घेता म्हणाला, "काका, तुम्ही पोस्टामागून बघताय, मी लाइनीतून. या इकडं, बदली करू." पुण्यात पंच पण पुणेरीच.

शिवाजीनगरला, शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या मैदानावर मॅच असली की माझ्यासारख्या कोल्हापूरकराला दुप्पट आनंद. त्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघितलाय का? शिल्पकार करमरकरांनी घडवलेला, १९२८ मध्ये उभा राहिला. त्या स्मारकासाठी पुढाकार आमच्या शाहू महाराजांचा. पायाभरणी १९२१ मध्ये, तेही इंग्लंडच्या युवराजाच्या हातून करून घेतली. हा किस्सा मी दर वेळी कुणाला तरी सांगतो, आणि आमचा गोली लांबूनच ओरडतो, "काका, झालं सांगून, आता इकडं बघा." तिथं जायला मेट्रो सोयीची: पिंपरीकडून येणाऱ्यानं सिव्हिल कोर्टला उतरावं आणि चालत जावं, किंवा लाइन बदलून एक स्टेशन पुढं मंगळवार पेठ.

खाण्यापिण्याचं सांगायचं तर मैदानात काही नाही. बाहेर अमृततुल्य असतंच, पुण्यात ते कुठं नसतं. आमच्या स्टॉपरची आई कधीकधी डब्यातून इडल्या आणते. त्या खेळाडूंसाठी असतात, पण दोन गोलनं जिंकलं तर बाहेरच्यांनाही मिळतात. हरलो तर डब्याचं झाकण उघडत नाही. त्यामुळं रेटिंग देताना मी खाण्याचे मार्क निकालावर अवलंबून असं लिहितो.

पैशाचं बोलू. सभासद वर्गणी वर्षाला पाचशे, पावती पुस्तकातून फाडून, कार्बनसकट. त्या पैशात बॉल येतात, पंचांच्या मानधनातला आमचा वाटा जातो, आणि उरलं तर पट्ट्या आणि स्प्रे. जर्सीवर पुढं एका जिमचं नाव आहे, मागं एका माजी नगरसेवकाचं, आणि त्या दोघांचं आता पटत नाही, त्यामुळं ग्रुप फोटो काढताना पोरं अर्धी तोंड करून आणि अर्धी पाठ करून उभी राहतात. हा क्लब उद्या बंद पडला तर कुठल्या ग्रुपच्या बोर्ड मीटिंगमुळं नाही पडणार. पडलाच तर सेक्रेटरीचा गुडघा आणि आमची आळशीगिरी यामुळं पडेल. आणि तेव्हा आपण काहीतरी करू शकतो, हा फरक मला पाचशे रुपयांत फार मोठा वाटतो.

रेटिंग: खेळाला अडीच, जागेला पाच, सोयींना एक, पंचांच्या उत्तरांना साडेचार.

यायचं असेल तर डिव्हिजनमधल्या तळाच्या दोन टीमची मॅच निवडा, वरच्या टीमची नको. ते फार जपून खेळतात. पाणी, टोपी आणि बसायला पेपर घरून आणा. व्हॉट्सॲपवरची वेळ निघण्यापूर्वी परत एकदा बघा. आणि आमच्या कीपरला शिव्या द्यायच्या असतील तर जपून, कारण तो बॉल दुसऱ्या टोकाला असला की मागं वळून परत देतो, व्याजासकट.